हात हलवणारा सांता पहिल्यांदाच करताय?

डोळे, मान, तोंड असं सगळं पहिल्याच नाताळात हलवायचा मोह आवरा. फक्त हात हलू द्या, पण तो देखणा हलू द्या. भंगारवाल्याकडून गाडीच्या वायपरची १२ व्होल्टची मोटर आणा. ती ६ व्होल्टवर चालवली की हात संथ, माणसासारखा हलतो. मोटरवर गोल फिरणारी पट्टी एका दांडीने हात हलवणाऱ्या खांद्याच्या पट्टीला जोडायची; मोटरवरची पट्टी खांद्याच्या पट्टीपेक्षा बरीच आखूड ठेवा, नाहीतर हात मध्येच अडकेल. सांगाडा पीव्हीसी पाइपचा, डोकं थर्माकोलचं. कपडे चढवण्याआधी नुसता सांगाडा डोळ्यांसमोर दोन-तीन तास चालवाच. सैल होणारे नट तेव्हाच सापडतात, तिथे नायलॉकचे (आत नायलॉनचं कडं असलेले, हादऱ्यांनी सैल न होणारे) नट बसवा. मोटरच्या वायरला फ्यूज हवाच हवा. कापसाची दाढी एका ठिणगीने पेटते.