मॉडेल रॉकेट : आधी तोल, मग मोटर

प्रश्न : माझ्या अकरा वर्षांच्या मुलीसाठी मॉडेल रॉकेटचे किट आणले आहे. पुठ्ठ्याची नळी, प्लास्टिकचे नाक आणि बाल्सा या हलक्या लाकडाचे फिन (शेपटीचे पंख) असे त्याचे स्वरूप आहे. दुकानात ए८-३, बी६-४ आणि सी६-५ अशा मोटरी मिळाल्या. पहिल्या उड्डाणासाठी यांतली कोणती घ्यावी, आणि जोडणी करताना सर्वांत जास्त काळजी कशाची घ्यावी?
– एक वाचक, ऑस्टिन (टेक्सास)

उत्तर : किटच्या सूचनापत्रकात ए८-३ सुचवली असेल, तर पहिल्या वेळी तीच वापरा. मोटरवरचे अक्षर तिचा एकूण आवेग, म्हणजे रेटा आणि तो टिकण्याचा वेळ यांचा गुणाकार, दाखवते. ए वर्गाची कमाल मर्यादा २.५ न्यूटन-सेकंद, बीची ५ आणि सीची १० आहे, म्हणजे प्रत्येक पुढच्या अक्षराला ती दुप्पट होते. मधला आकडा सरासरी रेटा न्यूटनमध्ये सांगतो. शेवटचा आकडा म्हणजे इंधन जळून संपल्यापासून पॅराशूट बाहेर ढकलणारी दारू पेटेपर्यंत जाणारे सेकंद. नवशिक्यांचे दुर्लक्ष होते ते नेमके या शेवटच्या आकड्याकडे, आणि माझ्या मते रॉकेट धड परत येणार की नाही हे बहुतांशी तोच ठरवतो. ए८-३चा रेटा सेकंदभरही टिकत नाही. त्यानंतर रॉकेट मिळालेल्या वेगावरच वर जात राहते आणि शिखरापाशी त्याचा वेग सर्वांत कमी होतो. पॅराशूट तिथेच उघडायला हवे. तीन सेकंदांऐवजी सहा-सात सेकंद गेले, तर रॉकेट नाक खाली करून वेगाने कोसळू लागलेले असते आणि त्या वेगात उघडलेले पॅराशूट दोऱ्या तोडते किंवा नळीच फाडते.

छोट्या मोटरीचे दुसरे कारण मैदान. अमेरिकेतील नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या सुरक्षासंहितेप्रमाणे मैदानाची लहान बाजू ए मोटरीसाठी किमान १०० फूट, बीसाठी २०० फूट आणि सीसाठी ४०० फूट असावी. शाळेच्या साध्या मैदानावर सी मोटर लावली, तर रॉकेट शेजारच्या छपरावर किंवा झाडावर शोधावे लागते. विजेच्या तारांवर अडकलेले रॉकेट मात्र कधीही काढायला जाऊ नये, ते गेले असेच समजावे.

जोडणीत सर्वाधिक वेळ फिनसाठी ठेवा. बाल्साच्या लाकडाचे तंतू फिनच्या पुढच्या कडेला समांतर आले पाहिजेत, नाहीतर पहिल्याच उतरणीत फिन मोडतो. नळीवर सरळ उभी रेघ ओढायची असेल, तर नळी दाराच्या चौकटीच्या कोनात टेकवून पेन्सिल फिरवावी. साधी लाकडी चौकट इथे महागड्या पट्टीपेक्षा चांगले काम देते. पांढऱ्या गोंदाचा पातळ थर फिनच्या कडेला आणि नळीवरच्या रेघेवर देऊन तो वाळू द्यावा, मग दुसरा थर देऊन फिन दाबून बसवावा. असा सांधा इतका पक्का होतो की पुढे धक्का बसल्यास लाकूड तुटते, पण सांधा सुटत नाही. पॅराशूटच्या खाली आगीपासून संरक्षण देणारा खास प्रक्रिया केलेला कागदच भरावा. साधा टिश्यू कागद पेट घेतो आणि सुके गवत असलेल्या मैदानात ती ठिणगी महागात पडते. पॅराशूटची घडी उड्डाणाच्या अगदी आधी घालावी आणि तिच्यावर थोडी टाल्कम पावडर भुरभुरावी, म्हणजे प्लास्टिक चिकटून राहत नाही.

उड्डाणाच्या वेळी लाँच रॉडपासून (ज्या उभ्या सळईवरून रॉकेट सुटते तिच्यापासून) किमान १५ फूट दूर उभे राहा. बटण दाबूनही मोटर पेटली नाही, तर बटणाच्या खोक्यातली सुरक्षाकिल्ली काढून पूर्ण एक मिनिट थांबा आणि मगच जवळ जा. मुलीला हा एक मिनिट सर्वांत मोठा वाटेल, पण तो पाळायलाच हवा.

प्रश्न : मी स्वतः आखलेले रॉकेट ए मोटरीवर सरळ गेले होते. सी मोटर लावल्यावर मात्र ते रॉड सोडताच हवेत कोलांट्या घेऊ लागले. मोटर सदोष होती का?
– एक वाचक, पुणे (सध्या कोलोरॅडो येथे शिक्षणासाठी)

उत्तर : मोटरीपेक्षा तोलाचा संशय अधिक आहे. १८ मिलिमीटर व्यासाच्या सी मोटरीत इंधन जास्त असल्याने ती ए मोटरीपेक्षा काही ग्रॅम जड असते, आणि तो भार थेट शेपटीला बसतो. त्यामुळे गुरुत्वमध्य, म्हणजे रॉकेट ज्या बिंदूवर तोलून राहते तो बिंदू, मागे सरकतो. वाहत्या हवेचा एकत्रित दाब ज्या बिंदूवर पडतो तो दाबमध्य गुरुत्वमध्याच्या मागे असेल, तरच वातकुक्कुटाप्रमाणे रॉकेटचे नाक हवेच्या दिशेला तोंड करून राहते. दोहोंत किमान नळीच्या एका व्यासाइतके अंतर असावे, असा या छंदातला जुना नियम आहे. दाबमध्य गणिताने काढण्याची सोपी पद्धत नासातील अभियंते जेम्स बॅरोमन यांनी १९६०च्या दशकात याच छंदासाठी मांडली.

गणित नको असेल तर मोटर बसवून, पण इग्नायटर (मोटर पेटवणारी तार) न लावता, रॉकेट तोलबिंदूवर दोरीने बांधा आणि मोकळ्या जागेत डोक्याभोवती गोल फिरवा. नाक पुढे राहिले तर ठीक, शेपूट पुढे आली किंवा रॉकेट गिरक्या घेऊ लागले तर नाकात थोडी क्ले भरा किंवा फिन मोठे करा. ही चाचणी नेहमी वापरायच्या सर्वांत जड मोटरीनिशी करावी.

प्रश्न : भाच्यासाठी अमेरिकेतून किट आणि मोटरी नाशिकला नेता येतील का? तो म्हणतो की नाहीतर इंधन घरीच बनवू.
– एक वाचक, डॅलस

उत्तर : पुठ्ठा आणि लाकडाचे भाग खुशाल न्या. मोटरी नेऊ नका. त्यांत काळी दारू असते, आणि ती प्रवासी विमानाच्या सामानात नेण्यास बंदी आहे. भारतात स्फोटकांना १८८४ चा अधिनियम आणि २००८ चे नियम लागू आहेत. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या ‘पेसो’ (पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना) या यंत्रणेचे मुख्यालय नागपूरला आहे.

घरी इंधन बनवण्याचा विचार भाच्याच्या मनातून आजच काढा. मुळात हा छंद त्याच धोक्यावर उत्तर म्हणून उभा राहिला. १९५०च्या दशकात अमेरिकेत कित्येक मुले रसायने मिसळून नळ्यांत ठासत होती आणि जखमी होत होती. नेब्रास्कातील नॉरफोक गावचे बुटांचे दुकानदार ऑर्व्हिल कार्लाइल यांनी १९५४ मध्ये बदलता येणाऱ्या तयार मोटरीचे हलके रॉकेट बनवले, व्हाइट सँड्स या अमेरिकी लष्कराच्या क्षेपणास्त्र चाचणी केंद्रात काम केलेल्या हॅरी स्टाइन यांनी त्याचा प्रसार केला, आणि १९५८ पासून व्हर्न एस्टेस यांनी यंत्रावर मोटरी तयार करायला सुरुवात केली. तेव्हापासूनची पहिली अट तीच आहे : रॉकेट स्वतः बांधा, मोटर कारखान्याचीच वापरा.

नाशिकमध्ये भाच्याने पाण्याचे रॉकेट करावे. थंड पेयाची प्लास्टिकची बाटली एक तृतीयांश पाण्याने भरायची, बूच पक्के बसवायचे, सायकलच्या पंपाने दाब द्यायचा आणि लांबून दोरी ओढून सोडायची. दाब ६० पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पाउंड) आत ठेवावा, डोळ्यांवर चष्मा असावा, काचेची किंवा धातूची बाटली वापरू नये आणि ओरखडे पडलेली बाटली टाकून द्यावी. फिन, नाकातले वजन आणि दोरीची चाचणी यांचे वर सांगितलेले नियम इथेही लागू पडतात. दोरीची चाचणी मात्र बाटली रिकामी ठेवून करावी, कारण पाणी क्षणार्धात निघून जाते आणि पुढचा सारा प्रवास रॉकेट रिकामेच करते.