आधी पेज, मग गोळी

वहिनी, गुडघे धरले म्हणून रिकाम्या पोटी डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी घेऊ नका. मालवणात पावसाळाभर मी तेच केलं नि पोट जाळून घेतलं. आधी वाटीभर उकड्या तांदळाची पेज, मगच गोळी. पण पेज म्हणजे कवच नव्हे हां. ही गोळी रक्तात गेल्यावर जठराचं अस्तर जपणारी प्रोस्टाग्लँडिनं नावाची शरीरातली रसायनंच कमी करते. इंजेक्शन घेतलंत तरी तेच! म्हणून डॉक्टरांना विचारून पँटोप्राझोल, म्हणजे पोटातलं आम्ल कमी करणारी गोळी घ्या, जेवणाआधी अर्धा तास. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तीही सांगा. डायक्लोफेनॅकच्या जोडीला आयब्युप्रोफेन नको, दोन्ही एकाच जातीची. दुखणं एकाच गुडघ्यात असेल तर आधी डायक्लोफेनॅकचंच जेल लावून बघा. सोलकढीने बरं वाटतं, पण ते औषध नाही. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.