मराठी रंगभूमीची आज नेमकी अवस्था काय आहे? हाऊसफुल्लचे बोर्डही दिसतात आणि ‘नाटक संपलं’ असंही ऐकू येतं

दोन्ही खरं आहे, फक्त वेगवेगळ्या ठिकाणी. मुंबई-ठाणे-पुण्यात शनिवार-रविवारी चालत्या नाटकाचं तिकीट मिळत नाही, आणि तेच नाटक विदर्भ-मराठवाड्यातल्या जिल्ह्याच्या गावी कधी पोचतच नाही. प्रेक्षक अजून आहे. आटलाय तो दौरा, आणि मराठी नाटक वाढलं ते दौऱ्यावरच.

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं ते सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले, दरबारचा आधार सुटला. मग मंडळी घेऊन भावे बाहेर पडले आणि १८५३ मध्ये मुंबईत खेळ केले. म्हणजे नाटकाचा धंदा झाला तो नाइलाजाने. पुढचं किर्लोस्कर, देवल, खाडिलकर, बालगंधर्व हे शाळेत होऊन गेलेलं असतं, ते सोडतो. हिशोबाच्या बाजूने बघायचं तर या कंपन्या म्हणजे पगारी बिऱ्हाड होतं. नट, साथीदार, आचारी, रंगारी सगळे एकत्र फिरायचे, एकेका गावी मुक्काम ठोकायचे. खेळ असो नसो, पंगत रोज उठायची. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ आला, मराठी बोलपट सुरू झाला, आणि थिएटरवाल्यांना नाटक कंपनीपेक्षा सिनेमा परवडायला लागला. कर्ज आधीच डोक्यावर होतं, त्यात जागाही गेल्या. बहुतेक कंपन्या अशाच बसल्या.

स्वातंत्र्यानंतर जे उभं राहिलं त्याची घडी वेगळी. नट कंपनीचा नोकर राहिला नाही. तो प्रयोगामागे ‘नाइट’, म्हणजे त्या प्रयोगापुरतं मानधन, घेतो. प्रयोग नाही तर नाइट नाही. निर्मात्याच्या डोक्यावरचा महिन्याचा पगार गेला, पण नट मोकळा झाला आणि आज त्याच्या तारखा मालिकावाल्यांच्या हातात आहेत. मालिकेचं शूटिंग बहुतेक सगळा आठवडा खातं, म्हणून नाटक शनिवार-रविवारवर येऊन टेकलं. मधल्या वारी प्रयोग लावायचा तर चारही प्रमुख नट एकाच दिवशी मोकळे सापडावे लागतात. दहा दिवसांचा विदर्भ दौरा मग कुठून होणार?

सगळ्यांना तेच दोन दिवस हवे, म्हणून नाट्यगृहाच्या तारखांवर झुंबड. पुण्यात साधारण साडेबारा, पाच आणि साडेनऊ अशा वेळा असतात. साडेबाराचं दोन अंकी नाटक मध्यंतर धरून तीनच्या पुढे सुटतं. त्याचा सेट उतरवून टेम्पोत भरायचा, पुढच्याचा चढवायचा, लाइट लावून बघायचे, आणि पावणेपाचला प्रेक्षक आत. हातात दीड तास, तोही काही घोटाळा झाला नाही तर. याचा परिणाम थेट रंगमंचावर दिसतो. फ्लॅट्स, म्हणजे सेटच्या भिंती, असे बनवतात की बोल्ट आवळले की उभे, सैल केले की टेम्पोत. पायऱ्या, लेव्हल (उंचवटे) जेमतेम. प्रकाशयोजना प्रत्येक नाट्यगृहात नव्याने फोकस करायला वेळ नसतो, म्हणून सगळीकडे सरसकट उजेड आणि दोन-तीन स्पॉट. प्रत्येक नाटकात तोच दिवाणखाना का दिसतो, अशी तक्रार लोक नेपथ्यकाराकडे करतात. ती खरं तर वेळापत्रकाकडे करायला हवी.

आता पैसे. ९०० खुर्च्यांचं नाट्यगृह आणि सरासरी ४०० रुपये तिकीट धरा. हाऊसफुल्ल म्हणजे ३ लाख ६० हजार. यातून कलाकारांच्या आणि बॅकस्टेजच्या नाइट्स, नाट्यगृहाचं भाडं, बस, सेटचा टेम्पो, जेवण आणि वर्तमानपत्रातली जाहिरात. यातला जवळजवळ कुठलाच खर्च प्रेक्षक अर्धे आले म्हणून अर्धा होत नाही. त्यामुळे एक हाऊसफुल्ल प्रयोग मागच्या दोन अर्ध्या प्रयोगांची तूट भरून काढण्यातच जातो. तिकीट वाढवावं तर २०१८ पासून ५०० रुपयांपर्यंतच्याच तिकिटाला जीएसटी माफ आहे, म्हणून बरीच नाटकं ५०० वर येऊन थांबतात. निर्माते रडतात ते सगळंच खोटं नसतं (थोडं सवयीचंही असतं).

बाहेरगावी निर्माता स्वतः तिकिटं विकत नाही. स्थानिक ठेकेदाराला ठरावीक रकमेला ‘शो’ विकतो. ठेकेदार नाव बघतो, संहिता नाही. ओळखीचा चेहरा नसेल तर शो विकला जात नाही, आणि नव्या नाटककाराचं नाटक गाडीतच बसत नाही. त्यात नाट्यगृहांची दैना: एसी बंद, ध्वनियंत्रणा खरखरणारी, स्वच्छतागृहांबद्दल न बोललेलं बरं. शाहू महाराजांनी उभारलेलं कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह तर ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळालं.

‘महाराष्ट्रात दौरा चालूच शकत नाही’ असं कोणी म्हणालं तर त्याला गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा देसाईगंजला धाडा. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव नाटकं लागतात. मंडई (गावची जत्रा) किंवा शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यती) निमित्ताने गावातलं मंडळ कंपनी बोलावतं, रात्री दहाच्या सुमाराला सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत चालतो, वादक पुढ्यात बसून वाजवतात. २०२३ मध्ये इथले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईत अनेकांनी या रंगभूमीचं नाव पहिल्यांदा ऐकलं. नाटकं भडक असतात, मान्य. पण हंगाम पिकाला बांधलेला आहे, मालिकेच्या शूटिंगला नाही, म्हणून तिथे नट सलग मिळतो. गोव्यातही गावच्या उत्सवात आणि जत्रेत गावकरीच नाटक उभं करतात, त्यामुळे तिथलं नाटक तिकीटखिडकीवर अवलंबून नाही.

राहिली प्रायोगिक रंगभूमी. मुंबईत रंगायन या नाट्यसंस्थेने आणि दादरच्या छबिलदास शाळेतल्या चळवळीने जे केलं ते आज पुण्याच्या सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या जागांत चालू आहे. तरुणांची भरती होते ती पुरुषोत्तम करंडकसारख्या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांतून. लेखक-दिग्दर्शक तिथे भरपूर घडतात. दोनेक वर्षांत मालिका त्यांना उचलते.

स्वतः अंदाज घ्यायचा असेल तर रविवारच्या पेपरातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान उघडा. किती नाटकं चालू आहेत हे मोजू नका. सोमवार ते शुक्रवार किती प्रयोग आहेत आणि मुंबई-ठाणे-पुणे सोडून किती, हे दोनच आकडे काढा. महिनाभर हे केलंत तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापेक्षा नेमकं तुमच्याकडे असेल.