डेकॅथलॉनचा विजेता शेवटच्या शर्यतीत मागे पडूनही सुवर्णपदक कसे जिंकतो?

तुमचा प्रश्न असा आहे की, जागतिक ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेत पुरुषांच्या डेकॅथलॉनचा, म्हणजे दहा प्रकारांच्या स्पर्धेचा, विजेता शेवटच्या १५०० मीटर शर्यतीत बऱ्याचदा अनेकांच्या मागे असतो, कधीकधी दहापैकी एकाही प्रकारात तो पहिला आलेला नसतो आणि तरीही सुवर्णपदक त्यालाच मिळते; मग गुण कसे मोजले जातात आणि या दोन दिवसांच्या स्पर्धेचा निकाल खरोखर कोठे लागतो? गुणतक्ता शेजारी ठेवून ही स्पर्धा पाहण्याची मला जुनी सवय आहे, त्यामुळे हे उत्तर थोडे आकडेमोडीचे होईल. परंतु आकड्यांतच या खेळाची सारी चुरस असल्याने त्याला इलाज नाही.

डेकॅथलॉनमध्ये क्रमांकाला गुण नसतात. शर्यतीत कोण पहिला आला यावर काहीही अवलंबून नसून, प्रत्येकाने नोंदवलेली वेळ किंवा अंतर एका ठरलेल्या सूत्रात घातले जाते आणि त्यातून गुण निघतात. पहिल्या दिवशी १०० मीटर, लांब उडी, गोळाफेक, उंच उडी आणि ४०० मीटर. दुसऱ्या दिवशी ११० मीटर अडथळा शर्यत, थाळीफेक, पोल व्हॉल्ट (लवचिक काठीच्या आधाराने मारायची उंच उडी), भालाफेक आणि १५०० मीटर, असा क्रम कायम असतो. सध्याचा गुणतक्ता १९८५ पासून वापरात आहे. त्यानुसार १०० मीटर १०.५० सेकंदांत धावणाऱ्याला ९७५ गुण मिळतात, तर १०.६० सेकंदांना ९५२. म्हणजे डोळ्यांना जेमतेम जाणवणारा दशांश सेकंद २३ गुणांचा असतो. याउलट १५०० मीटरमध्ये साडेचार मिनिटांच्या आसपास एका संपूर्ण सेकंदाला केवळ सहा ते सात गुण आहेत. पहिल्या सकाळी दशांश सेकंदाने मिळवलेली आघाडी दुसऱ्या रात्री साडेतीन सेकंदांच्या अंतराने मागे राहूनही टिकते, ती यामुळेच.

इतर प्रकारांचे भावही ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. अव्वल खेळाडूंच्या पातळीवर लांब उडीतील दहा सेंटिमीटर साधारण २५ गुणांचे, गोळाफेकीतील एक मीटर साठाहून थोड्या अधिक गुणांचा, थाळीफेकीतील एक मीटर वीस गुणांचा, तर भालाफेकीतील एक मीटर पंधरा गुणांचा पडतो. पोल व्हॉल्टमध्ये पट्टी दहा-दहा सेंटिमीटरने वर चढवली जाते आणि पाच मीटरच्या आसपास त्या प्रत्येक पायरीला सुमारे ३० गुण मिळतात. हे भाव डोक्यात असले की एखादी फेक किंवा उडी पाहताक्षणी तिचे मोल कळते, आणि नुसती क्रमवारी पाहून होणारा गोंधळ उरत नाही.

आता दोन माणसांची तुलना करून पाहू, कारण गुणतक्त्याचा स्वभाव समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. अमेरिकेच्या ॲश्टन ईटनने २०१५ मध्ये बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत ९०४५ गुणांचा विश्वविक्रम केला, तर फ्रान्सच्या केविन मायेरने सप्टेंबर २०१८ मध्ये तालाँस येथे तो ९१२६ पर्यंत नेला. ईटन हा मुळात वेगाचा खेळाडू. त्याने १०० मीटर १०.२३ सेकंदांत आणि ४०० मीटर ४५.०० सेकंदांत पूर्ण केले. यातली दुसरी वेळ केवळ ४०० मीटर धावणाऱ्या कोणत्याही खेळाडूलाही अभिमान वाटावा अशी आहे. मायेरची ४०० मीटरची वेळ होती ४८.४२ सेकंद. परंतु मायेरने गोळा १६.०० मीटर, थाळी ५०.५४ मीटर आणि भाला ७१.९० मीटर फेकला; ईटनचे आकडे अनुक्रमे १४.५२, ४३.३४ आणि ६३.६३ मीटर होते.

बेरीज केली की विलक्षण चित्र दिसते. धावण्याच्या चार प्रकारांत मिळून मायेर ईटनपेक्षा ३८० गुणांनी मागे होता, आणि फेकीच्या तीन प्रकारांत मिळून ३६५ गुणांनी पुढे. म्हणजे एकाचे पाय आणि दुसऱ्याचे खांदे यांनी एकमेकांचा हिशेब जवळजवळ बरोबरीत सोडवला. विक्रमातील ८१ गुणांचा फरक आला तो उड्यांमधून, आणि त्यातही मुख्यतः मायेरच्या ५.४५ मीटरच्या पोल व्हॉल्टमधून, कारण ईटनने तेथे ५.२० मीटर पार केले होते. शिवाय मायेरला पहिल्या दिवशी ४५६३ गुण मिळाले आणि दुसऱ्या दिवशीही तंतोतंत ४५६३. इतकी समतोल कामगिरी असलेला दुसरा मोठा डेकॅथलॉन मला आठवत नाही. तरीही शेवटच्या १५०० मीटरसाठी मायेरला ४ मिनिटे ३६.११ सेकंद लागले, ईटनच्या वेळेपेक्षा साडेअठरा सेकंद अधिक; तुम्ही केवळ ती शर्यत पाहिली असती, तर विश्वविक्रमवीर दमून गेलेला आणि हरलेला दिसला असता.

हा तक्ता पूर्णपणे निःपक्षपाती आहे का, असेही कोणी विचारील. माझे प्रामाणिक मत असे की तो वेगवान माणसाला झुकते माप देतो. सूत्रातील घातांक धावण्याच्या प्रकारांसाठी बराच मोठा, उड्यांसाठी मध्यम आणि फेकीच्या प्रकारांसाठी जेमतेम एकाहून थोडा अधिक आहे. त्यामुळे उत्तम धावपटूला आणखी थोडी सुधारणा केल्यास चढत्या दराने गुण मिळतात, तर फेकणाऱ्याला जवळपास सरळ दरानेच मिळतात. परंतु तक्त्यापेक्षाही मोठे कारण शरीरात आहे. वेग वाढला की १०० मीटर सुधारते, लांब उडीची धाव सुधारते, ४०० मीटर आणि अडथळा शर्यत सुधारते आणि पोल व्हॉल्टमध्ये अधिक ताठ पोल वापरता येतो. गोळाफेकीसाठी कमावलेले वजन मात्र उंच उडीत आणि १५०० मीटरमध्ये अंगावरच येते. एका प्रकारासाठी घेतलेली मेहनत दुसऱ्या प्रकारात किती उपयोगी पडते आणि किती नडते, हा डेकॅथलॉनच्या प्रशिक्षणातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. निकाल कोठे लागतो? माझे उत्तर आहे, पोल व्हॉल्टमध्ये. बाकीच्या प्रकारांत खेळाडू गुण कमी-अधिक करतो. पोल व्हॉल्टमध्ये तो सर्वस्व गमावू शकतो. सुरुवातीच्या उंचीवर तीन प्रयत्न हुकले, की त्या प्रकाराचे गुण शून्य. पाच मीटरला ९१० गुण आणि साडेचार मीटरला ७६० गुण आहेत, म्हणजे वाईट दिवशीही माणूस दीडशे गुणांचा तोटा सोसून स्पर्धेत राहू शकतो, पण शून्यानंतर परतीची वाट नसते. मग सगळेच अगदी खालच्या उंचीपासून सुरुवात का करीत नाहीत, असे वाटेल. प्रत्येक उडीत पूर्ण वेगाची धाव असते, ती पायांतले बळ खाते, आणि त्यानंतर भालाफेक व १५०० मीटर शिल्लक असतात. शिवाय कमी उंचीसाठी मऊ पोल आणि मोठ्या उंचीसाठी ताठ पोल असा बदल करताना प्रत्येक वेळी धावेचे गणित पुन्हा जुळवावे लागते. किती उंचीपासून सुरुवात करायची हा निर्णय म्हणूनच इतका कठीण असतो.

या निर्णयाची सर्वांत प्रसिद्ध किंमत अमेरिकेच्या डॅन ओब्रायनने मोजली. तो १९९१ चा जगज्जेता होता आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकचा सर्वांत मोठा दावेदार. न्यू ऑर्लिन्समधील अमेरिकी निवड चाचणीत आघाडीवर असताना त्याने पोल व्हॉल्टची सुरुवात ४.८० मीटरवर केली, तिन्ही प्रयत्न हुकले आणि तो संघातच निवडला गेला नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याने ८८९१ गुणांचा विश्वविक्रम केला, हे वाचताना आजही मन विषण्ण होते. चार वर्षांनी अटलांटात त्याने ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये हाच प्रसंग कॅनडाच्या डेमियन वॉर्नरवर आला. टोकियोत ९०१८ गुणांनी सुवर्ण जिंकलेला हा खेळाडू पदकाच्या जागेवर असताना पोल व्हॉल्टमध्ये एकही उंची पार करू शकला नाही आणि त्याची स्पर्धा तेथेच संपली. त्या स्पर्धेत नॉर्वेच्या मार्कुस रूटने ८७९६ गुणांनी सुवर्ण मिळवले.

शून्याचा धोका लांब उडीत आणि फेकीतही असतो, कारण तेथेही प्रत्येकाला तीनच संधी मिळतात. २०१८ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत मायेरच्या लांब उडीचे तिन्ही प्रयत्न फाऊल ठरले आणि त्याने माघार घेतली. ज्या ९१२६ गुणांचा मी वर उल्लेख केला ते त्यानंतर महिन्याभराने, दुसऱ्या ठिकाणी झाले. मोठ्या अजिंक्यपद स्पर्धेत दोनदा चुकलेला उडीपटू तिसऱ्या वेळी फळीपासून दोन बोटे मागे राहून सुरक्षित उडी का मारतो, आणि अशी उडी कमी अंतराची असूनही शहाणपणाची का असते, हे त्यावरून कळावे. पहिल्याच शर्यतीलाही हा धोका चुकलेला नाही. पश्चिम जर्मनीचा माजी विश्वविक्रमवीर युर्गेन हिंगसेन १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये १०० मीटरच्या आरंभरेषेवर तीन वेळा चुकीची सुरुवात करून बाद झाला.

एकेका गुणाचे महत्त्व किती, याचे उदाहरणही हिंगसेनच्याच काळातले आहे. ब्रिटनच्या डेली थॉम्पसनने १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकले तेव्हा तो हिंगसेनच्या विश्वविक्रमापेक्षा एका गुणाने कमी ठरला होता. पुढे १९८६ मध्ये अडथळा शर्यतीचे अंतिम रेषेवरील छायाचित्र पुन्हा तपासले गेले, त्याची वेळ १४.३४ ऐवजी १४.३३ सेकंद ठरली आणि तो एक गुण त्याला मिळाला. नव्या तक्त्यानुसार मोजल्यावर त्याची कामगिरी ८८४७ गुणांची झाली आणि विक्रम केवळ त्याच्याच नावावर राहिला.

आता १५०० मीटरकडे वळतो. भालाफेक संपल्यावर दोन खेळाडूंतील गुणांचा फरक घ्या आणि त्याला साडेसहाने भागा. येणारी संख्या म्हणजे मागच्याने पुढच्याला किती सेकंदांनी हरवायला हवे तो आकडा. शंभर गुणांची आघाडी म्हणजे सुमारे पंधरा सेकंद. धावणारे सर्वजण हा हिशेब मनात घेऊनच उतरतात, म्हणून आघाडीवरचा खेळाडू पहिले येण्याचा प्रयत्न करीतच नाही. आपल्या प्रतिस्पर्ध्याची पाठ किती अंतरावर दिसते एवढेच तो पाहतो. टोकियोतील २०२५ च्या जागतिक स्पर्धेत जर्मनीच्या लिओ नॉयगेबाउअरने ८८०४ गुणांनी सुवर्ण घेतले आणि पोर्टो रिकोच्या आयडन ओवेन्स-डेलर्मने ८७८४ गुणांनी रौप्य. ओवेन्स-डेलर्म १५०० मीटर उत्तम धावतो, नॉयगेबाउअर हा धिप्पाड फेकपटू, आणि अखेरीस दोघांत फरक उरला वीस गुणांचा, म्हणजे त्या शर्यतीतील जेमतेम तीन सेकंदांचा. नॉयगेबाउअरने त्याआधी भाला ६४ मीटरच्या पुढे फेकला नसता, तर ते तीन सेकंद त्याच्याकडे नसते. त्या शर्यतीत तो मागे राहिला असला, तरी माझ्या दृष्टीने ती त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या धावांपैकी एक होती.

कधी शर्यत स्वतःच्या जुन्या आकड्याशीही असते. बीजिंगमध्ये ईटनला सुवर्णाची चिंता नव्हती. स्वतःचाच ९०३९ चा विक्रम एका गुणाने मोडायला त्याला ४ मिनिटे १८.२५ सेकंद पुरे होते, आणि तो ४ मिनिटे १७.५२ सेकंदांत आला. पाऊण सेकंदाहूनही कमी, तेही नऊ प्रकार अंगावर घेतल्यानंतर.

पहिल्या दिवसाची क्रमवारी फार मनावर घेऊ नका, असेही मी तुम्हाला सुचवीन. पहिला दिवस वेगवान खेळाडूंचा असतो. भालाफेक आणि १५०० मीटर या दोन्हींत बलवान असलेला माणूस त्या दिवशी पहिल्या काही जणांतही नसू शकतो. २०१९ मध्ये दोहा येथे जर्मनीचा निक्लास काउल असाच बराच मागे होता. दुसऱ्या दिवशी मायेर दुखापतीमुळे पोल व्हॉल्टमध्ये बाहेर पडला, काउलने भाला ७९.०५ मीटर फेकून एकाच प्रकारात हजाराहून अधिक गुण मिळवले, १५०० मीटरही जोरात धावला आणि ८६९१ गुणांनी, वयाच्या २१ व्या वर्षी, डेकॅथलॉनचा सर्वांत तरुण जगज्जेता ठरला. वेळ थोडा असेल तर दुसऱ्या दिवशीच्या पोल व्हॉल्टपासून पुढे पाहा, आणि पाहताना प्रत्येक खेळाडूची भाल्याची व १५०० मीटरची सर्वोत्तम कामगिरी कागदावर लिहून जवळ ठेवा. पट्टी वर चढत असतानाच पदके कोणाकडे झुकत आहेत, याचा अंदाज तुम्हाला समालोचकाआधी येऊ लागेल.