‘ब्रॉग्ली’ नव्हे, ‘ब्रॉय’!

प्रश्न आलाय: पदार्थविज्ञानातल्या ‘डी ब्रॉग्ली’चं नाव मराठीत कसं लिहावं, आणि ते फ्रान्समधल्या त्याच नावाच्या गावावरून पडलं का?

‘ब्रॉग्ली’ म्हणू नका हो! बारावीच्या वर्गावर्गांतून हे ऐकून कान किटले. फळ्यावर ‘लॅम्डा बरोबर एच भागिले पी’ बिनचूक मांडायचं आणि ज्याचं सूत्र त्याचं नाव मात्र वाटेल तसं घ्यायचं! ‘द ब्रॉय’ लिहा. घराणं मूळचं इटलीतल्या पिएमोंतेचं, आडनाव ब्रोल्या. इटालियन ‘ग्लि’ हा ‘ल्य’च्या जवळचा, फ्रेंचांच्या तोंडी त्याचा ‘य’ झाला.

गावाची गोष्ट उलटी आहे. नॉर्मंडीतलं हे गाव पूर्वी शांब्रे होतं. १७४२ मध्ये मार्शल फ्रांस्वा-मारी द ब्रॉय ड्यूक झाले आणि घराण्याचं नाव गावाला मिळालं. ‘द’ (म्हणजे ‘अमुक गावचा’) दिसला की गाव आधी, घराणं मागून, असं ठोकून देणाऱ्यांनी हे एकदा बघावं. (प्रकाशाचे तरंग गणितात बसवणारा फ्रेनेल १७८८ मध्ये याच गावात जन्मला. १९२४ च्या प्रबंधात द्रव्यालाही तरंग जोडणारे लुई द ब्रॉय मात्र दिएपचे.)

पण खरा ऐवज मुळाशी आहे. ब्रोल्याच्या तळाशी मला गॉलिश (प्राचीन फ्रान्समधली केल्टिक भाषा) ‘ब्रोगिलो’ दिसतो, म्हणजे कुंपणातली राई. त्याच्यामागे ‘ब्रोग’: हद्द, मग हद्दीतली जमीन. आपल्याकडे शीव आणि शिवार, अगदी तसंच! गॉलिशमध्ये सुरुवातीच्या ‘म्र’चा ‘ब्र’ होतो. जुन्या आयरिशने ‘म्रुइग’मध्ये ‘म’ जपलाय. तो ‘म’ परत बसवला की लॅटिन ‘मार्गो’ आणि फारसी ‘मर्झ’ शेजारी येऊन उभे राहतात. मार्गोचं मार्जिन आपण वहीत डावीकडे आखतो. मर्झचा रखवालदार तो मर्झबान. १८२२ मध्ये ‘मुंबई समाचार’ काढणाऱ्या फर्दुनजींचं आडनाव हेच.

आणि संस्कृत ‘मर्या’, म्हणजे सीमा? आपली ‘मर्यादा’ जिच्याशी जोडतात ती? तीही याच कुळातली, असं माझं ठाम मत आहे. ‘मग ब्रोग, मार्गोतला ग कुठे गेला?’ एवढं विचारून पंडित हात झटकतात. अर्थ हद्दीचा, सुरुवात ‘मर्’ची, आणि शेजारी फारसीत सख्खा ‘मर्झ’. एका हरवलेल्या ‘ग’साठी मी हे नातं सोडणार नाही.