घर पाहुण्यांनी भरलेलं असताना मोज्यांची पहिली जोडी विणायला घ्यावी का?

तुमचा प्रश्न असा आहे : मफलर आणि टोपी विणता येते, मोजे कधी विणले नाहीत, आणि आता सुट्टीत घर माणसांनी भरलेलं असणार. सलग वेळ मिळणार नाही. तर आत्ता सुरू करावं, की सगळे आपापल्या घरी गेल्यावर?

आत्ताच करा. मोजा सगळा सारखा अवघड नसतो, आणि हे एकदा लक्षात आलं की गर्दीच्या घरातही त्याची सोय लावता येते. वरची पट्टी, पोटरी आणि पाऊल म्हणजे एक सरळ नळी. तिथे हात आपोआप चालतात आणि कान मोकळे राहतात. डोकं शांत लागतं ते दोनच ठिकाणी : अगदी सुरुवातीला टाके घालून गोल जोडताना, आणि टाच वळवताना. या दोन कामांना निवांत वेळ राखून ठेवा, बाकीचा मोजा खुशाल माणसांत बसून विणा.

लोकर मात्र विचार करून घ्या. मोज्यांसाठी सहसा बारीक, म्हणजे ४ प्लायची लोकर आणि सव्वादोन-अडीच मिलिमीटरच्या सुया सांगतात. त्यात मोठ्या माणसाच्या पायाला ६४च्या आसपास टाके लागतात, आणि एका मोज्याचे एकूण टाके दहा हजारांच्या वर जातात. तेच ८ प्लायची लोकर आणि साडेतीनच्या आसपासची सुई घेतली तर ४८ टाक्यांत काम होतं आणि एकूण टाके सहा हजारांच्या आतबाहेर राहतात. काम जवळपास निम्मं होतं आणि चुकलेला टाका लांबूनही दिसतो. जाड मोजे बुटात दाटतात हे खरं, पण पहिली जोडी घरात घालायची म्हणून विणावी असं माझं स्पष्ट मत आहे. साधारण ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन असं मिश्रण मिळालं तर टाच लवकर विरत नाही. दीडशे ग्रॅम घेऊन ठेवा, मध्येच संपायची धास्ती नको. रंग फिका आणि एकच असावा. संध्याकाळच्या उजेडात काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीचे टाके दिसत नाहीत, आणि तुमचं बरंचसं विणकाम सगळे जेवून बसल्यावरच होणार आहे.

सुयांच्या बाबतीतही गर्दीचा विचार करा. दोन्ही बाजूंनी टोकदार अशा चार-पाच आखूड सुयांवर मोजे सुंदर होतात. पण कुणी हाक मारली आणि काम घाईने खाली ठेवलं, की उघड्या टोकावरून टाके निसटतात, नाहीतर मोकळी सुई गादीत जाते आणि बसणाऱ्याला टोचते. लहान मुलं असतील तर विचारायलाच नको. त्यापेक्षा ८० ते १०० सेंटिमीटरची एकच लांब गोल सुई घ्या, म्हणजे मऊ वायरने जोडलेली दोन टोकं. निम्मे टाके सुईवर, निम्मे वायरवर, आणि मधून वायरचा फासा बाहेर काढून विणत जायचं. उठायची वेळ आली की सगळे टाके वायरवर सरकवा आणि पिशवीत टाका. एकच नियम पाळा : सुईवरचे निम्मे टाके पूर्ण झाल्याशिवाय खाली ठेवू नका. समोरच्याला 'एक मिनिट, एवढं संपवते' म्हटलेलं कुणाला खटकत नाही.

पाहुणे यायच्या आधी एक संध्याकाळ काढा. छोटा चौकोन विणून १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा. मग पंजाचा घेर सगळ्यात रुंद जागी मोजा आणि त्यातून दहावा हिस्सा वजा करा, कारण मोजा ताणून बसला तरच पायावर राहतो. समजा घेर २३ सेंटिमीटर आहे. दहावा हिस्सा गेला की पावणेएकवीसच्या आसपास उरतो. १० सेंटिमीटरला २४ टाके बसत असतील तर हिशेब पन्नासाच्या जवळ येतो. चारने भाग जावा म्हणून ४८ घ्या. टाके घालताना एक-दोन नंबर जाड सुई वापरा. घट्ट घातलेली कड टाचेवरून चढत नाही, आणि ते शेवटी कळलं तर सगळा मोजा उसवावा लागतो. गोल जोडताना सगळ्या टाक्यांची कड एकाच बाजूला आहे ना ते दोनदा बघा, पीळ पडला तर पुढे तो सुटत नाही. मग दोन सुलट, दोन उलट अशी चार-पाच सेंटिमीटरची पट्टी. हे सगळं दोन्ही मोज्यांचं याच संध्याकाळी, फार तर दुसऱ्या दिवशी उरका आणि एका पट्टीचे टाके जाड दोऱ्यावर ओवून ठेवा. पुष्कळांचा एक मोजा पूर्ण होतो आणि दुसरा कधी सुरूच होत नाही. पट्टी तयार असली की तो अडसर राहत नाही.

मग माणसं येऊ द्या. एकूण उंची १५ सेंटिमीटर होईपर्यंत नुसतं गोल, सुलट. गप्पा चालू असताना हे काम फार छान होतं. मला तर हातात विणकाम असलं की समोरच्याचं बोलणं जास्त नीट ऐकू येतं, मध्ये तोडावंसं वाटत नाही. कुणी विचारलं तर दाखवा, घरातल्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला दोन ओळी विणू द्यायच्या असतील तर त्या वेगळ्या लोकरीवर, वेगळ्या सुयांवर द्या.

टाचेशी आलात की थांबा. पहाटे सगळे झोपलेले असताना किंवा दुपारी घर निजलेलं असताना तासभर काढा, आणि घरच्यांना तसं आधी सांगून ठेवा. ४८पैकी २४ टाके वायरवर तसेच ठेवायचे आणि उरलेल्या २४वर सपाट पट्टी विणायची. सुलट ओळ, उलट ओळ, अशा २४ ओळी, प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता उचलायचा. त्यामुळे दोन्ही कडांना १२-१२ मोठे टाके दिसू लागतात. ही पट्टी गडबडीतही होईल. खरी शांतता पुढे लागते. सुलट बाजूने पहिला टाका उचला, १३ विणा, दोन एकत्र, एक विणा आणि ओळ अर्धी सोडून काम वळवा. उलट बाजूने एक उचला, ५ विणा, दोन एकत्र, एक विणा, पुन्हा वळवा. यापुढे प्रत्येक ओळीत मधले टाके एकेकाने वाढतात : ६, ७, ८... मागच्या वळणाजवळ एक छोटी फट दिसते, तिच्या अलीकडचा आणि पलीकडचा टाका मिळून एकत्र विणायचा. शेवटच्या दोन ओळींत एकत्र विणल्यावर पुढे टाका उरत नाही, ते बरोबरच आहे. शेवटी १४ टाके राहतात. वाचताना हे डोक्यात शिरत नाही, सुईवर मात्र तिसऱ्या-चौथ्या ओळीला वाटीसारखा खोलगट आकार येतो आणि सगळं उलगडतं. मोजे विणण्यातला हा भाग मला सगळ्यात आवडतो.

पुढे टाचेच्या पट्टीच्या दोन्ही कडांवरच्या मोठ्या टाक्यांतून लोकर ओढून १२-१२ नवे टाके सुईवर उचला. कोपऱ्यात भोक दिसलं तर तिथे एक जास्तीचा उचलून पुढच्या फेरीत शेजारच्याबरोबर विणून टाका. वायरवरचे २४ धरून आता ६२ टाके आहेत. एक फेरी सोडून एक, घोट्याच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका कमी करत परत ४८वर या. मग पुन्हा तीच निवांत नळी, पायाच्या लांबीला ५ सेंटिमीटर कमी पडेपर्यंत. मोजा मधूनमधून घालून बघा. म्हणूनच पहिली जोडी स्वतःच्या पायाची विणा, आणि ती अमुक दिवशी भेट द्यायची असं कुणाला कबूल करू नका. ठरलेल्या तारखेच्या धाकाने टाच घाईत वळवली जाते.

बोटांकडे दर दुसऱ्या फेरीत चार टाके कमी करत २४वर या, मग प्रत्येक फेरीत कमी करत १२वर. सहा-सहा टाके समोरासमोर ठेवून जाड सुईने शिवले तर शिवण दिसत नाही. ते जमत नसेल तर लोकर सगळ्या १२ टाक्यांतून ओवून आवळून घ्या, घरातल्या मोज्याला चालतं.

एका कागदावर टाके, ओळी, टाचेची ओळ न् ओळ, पावलाच्या फेऱ्या लिहीत चला आणि तो कागद लोकरीच्या पिशवीतच ठेवा. पाहुणे परत जाईपर्यंत एक मोजा पूर्ण झाला असेल तर छानच. त्याच रात्री दुसऱ्याची पट्टी दोऱ्यावरून सुईवर घ्या आणि निदान दोन फेऱ्या विणून ठेवा.