गिरणीचे युनिट निम्मेच का पडतात?

प्रश्न : माझी पिठाची गिरणी १० एचपीच्या थ्री-फेज मोटरवर चालते. दळण चालू असताना क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती पकडून करंट मोजायचं मीटर) तिन्ही फेजचे १३.५, १३.८ आणि १३.२ अँपिअर आले, व्होल्टेज ४१५. बेरीज ४०.५ गुणिले ४१५ म्हणजे १६.८ किलोवॅट, चार तासांचे ६७ युनिट व्हायला हवेत. पडतात ३२. वीजमीटर बिघडलंय का?

उत्तर : मीटर ठीक आहे, गुणाकार चुकला. ४१५ व्होल्ट हे दोन फेजमधले. फेज आणि न्यूट्रलमध्ये २४०च असतात (४१५ ÷ १.७३२). तिन्ही फेजचे मिळून ३ × २४०, म्हणजेच १.७३२ × ४१५. म्हणून सरासरी १३.५ धरून १.७३२ × ४१५ × १३.५ करा. येतात ९.७ केव्हीए, म्हणजे व्होल्ट आणि अँपिअरचा नुसता गुणाकार, हजारांत. युनिट मात्र किलोवॅटवर पडतात, त्यामुळे याला पॉवर फॅक्टरने, म्हणजे केव्हीएतला किती भाग खरोखर किलोवॅट असतो त्या आकड्याने, गुणायचं. भरल्या लोडवर अशा मोटरचा तो ०.८३च्या आसपास असतो. झाले ८.०५ किलोवॅट, चार तासांचे ३२ युनिट.

पॉवर फॅक्टर अंदाजाने धरण्यापेक्षा मोजलेला बरा. वीजमीटरवर एका युनिटला किती पल्स (दिव्याची लुकलुक) ते छापलेलं असतं. समजा ४०० आहेत. गिरणीतले दिवे-पंखे बंद करून, दळण चालू ठेवून, मीटरचा लाल दिवा ५० वेळा लुकलुकायला किती सेकंद लागतात ते बघा. ५६ लागले, तर ३६०० × ५० ÷ (४०० × ५६) = ८.०४ किलोवॅट. त्याला ९.७ने भागलं की ०.८३.

नुसत्या अँपिअरवर कधीच विसंबू नका. पट्टा उतरवून मोटर रिकामी फिरवली तरी पाच-साडेपाच अँपिअर दिसू शकतात, पण तेव्हा पॉवर फॅक्टर ०.२ च्या आसपास घसरलेला असतो आणि वीज जेमतेम ८०० वॅट जाते.

क्लॅम्प लावायची जागाही सांभाळा. स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर सुरू होताना करंट कमी ठेवणारा) असेल, तर त्याच्यापासून मोटरकडे सहा वायरी जातात. त्यातल्या एकीवर तुम्हाला ७.८ अँपिअरच दिसतील, कारण तो मोटरच्या आतल्या एकाच वाइंडिंगचा (तारेच्या गुंडाळीचा) करंट आहे. मेन स्विच आणि स्टार्टर यांच्या मधली वायर पकडा, तीही एका वेळी एकच. तिन्ही एकदम पकडल्या तर काटा शून्याजवळ राहतो.

आणि पाटीवरचे १० एचपी म्हणजे शाफ्टवर मिळणारे ७.४६ किलोवॅट. पूर्ण लोडवर मोटर लाइनमधून त्यापेक्षा जास्तच ओढणार.